हळदीच्या पाण्यानं कुणाचं ऐकलं नाही

दादा, हळदीचा डबा मांडणीवर जागच्या जागी आहे. तू गेल्यापासून तो कुणी पडवीत नेला नाही. आज कालवणात हळद टाकायला हात वर केला तर डबा लगेच हाताला लागला, आणि मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मी चुलीपुढून ओरडत आले, "दादा, माझी हळद कुठंय?" आणि पडवीतून तू म्हणायचास, "हितं कामाला लागलीय." आज ओरडायला कारणच उरलं नव्हतं. कालवण उतरवलं, भाकरी थापली, जेवले. अख्ख्या दिवसात तोंडातून शब्द निघाला तो शेळीला हाकलताना.

तुझं सुतक फिटलं. माणसं येऊन बसून गेली. जो तो तुझ्या लढाईचं बोलत होता. बसरा, पलटण, तिथं राहिलेला पाय. पडवीतल्या पोरांचं कुणी फारसं काढलं नाही. लोकांच्या लेखी लढाई हे तुझं काम आणि पोरं सांभाळणं हा पाय गेल्यावरचा विरंगुळा. मला ते उलटं वाटतं. म्हणून तूच गिरवून घेतलेल्या अक्षरांत मी हे तुझ्याशी बोलत बसले आहे. घरात दुसरं आहे कोण ऐकायला?

तू बसऱ्याहून आलास तेव्हा मी कपाळ पुसून माहेरी परतले होते. तुझी बायको तुझा तो गुडघ्याखालून गेलेला पाय बघून जी माहेरी गेली ती आलीच नाही. तू तिला एका शब्दानं कधी नावं ठेवली नाहीस. राहिलो आपण दोघं. मी रानात जायची आणि तू भिंतीकडं तोंड करून पडवीत बसायचास. मी येईपर्यंत ताकाचा तांब्या तसाच. "जेवलास का न्हाई?" म्हटलं तर मान हलवायचास, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही.

मग लावणी आली. खाली खाचरात सगळ्या बाया गुडघाभर चिखलात, आणि पोरं बांधावर. मारुतीच्या बायकोनं, राधानं, आपल्या चिमीला करंजाच्या झाडाला फडक्यानं बांधून ठेवली होती, ओढ्याकडं जाऊ नये म्हणून. चार वर्षांची पोर. दुपारी भाकरी न्यायला मी घरी आले आणि बोलता बोलता तुला हे सांगितलं. तू एकदम वळलास.

"पोरगी बांधून ठिवलीय? दाव्याला बांधत्यात तशी?"

"मग काय करील ती बाई? रोप काखंत आन् पोर कुठं?"

"घिऊन ये तिला हितं. म्या बघतो."

मी चिमीला आणली, तिच्यामागं आणखी दोघं-तिघं आली. तुझ्या मिशा आणि तुझी कुबडी बघून सगळ्यांनी भोकाड पसरलं. मला परत रानात जायचं होतं. तू म्हणालास, "देव्हाऱ्यातला कापूर दे जरा. आन् परातीत पाणी." मला वाटलं, आता ह्याचं डोकंही गेलं. तू कापराचा एक कण चुरून पाण्यावर सोडलास. तो आपणहून गरगर फिरायला लागला, परातीच्या काठाला जाऊन आपटायचा आणि परत मागं पळायचा. पोरं रडायची थांबली. चिमी वाकून बघत म्हणाली, "त्येला पाय हाईत?"

"न्हाईत. माझ्यावानी."

"मग पळतो कसा?"

"बघत ऱ्हा."

आणि तू हसलास. बसऱ्याहून आल्यावर पहिल्यांदा. मी भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन उंबऱ्यात उभी होते. लावणीला उशीर झाला म्हणून त्या दिवशी मी बोलणी खाल्ली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

हे सगळं तू कुठं शिकलास ते पुढं कधीतरी सांगितलंस. इस्पितळात तुझ्या शेजारच्या खाटेवर एक जण होता, गावी पोरांना शिकवायचा. दोघांनाही उठता येत नव्हतं. ताट, पेला, पाणी, मीठ, जे हाताशी येईल त्याच्यावर तो काही ना काही करून दाखवायचा आणि दुखण्याचा दिवस ढकलायचा. त्याचं नाव तू कधी सांगितलं नाहीस. "तो आला न्हाई परत" एवढंच म्हणालास. मी पुढं विचारलं नाही. दादा, तुझ्या आयुष्यातल्या किती गोष्टींच्या दारापर्यंत येऊन मी अशी परत फिरले!

पुढं लावणी संपली तरी पोरं येत राहिली, तुला नाना म्हणायला लागली. साध्या पाण्यात बुडणारं अंडं मीठ घातल्यावर वर आलं की ती टाळ्या पिटायची. रिठ्याच्या पाण्यात पपईच्या देठाची नळी बुडवून फुगे काढायची. ओल्या फडक्यातल्या मटकीला मोड आले का, ते सकाळी येऊन आधी बघायची, मग तोंड धुवायची. माझं मीठ संपायचं, अंडी जायची, फडकी जायची. मी भांडायची. तू म्हणायचास, "हौसा, अंडं उकडून दिऊ की तुला. बुडलं म्हनून काय नासलं न्हाई." पारावरची माणसं हसायची. "सोपाननं नवी पलटण काढली, शेंबड्यांची." तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास. एकदाच म्हणालास, "ही पलटण कुणाला मारीत न्हाई." मग पारावर तो विषय परत निघाला नाही.

एकदा तू पणती पेटवून पलटणीतून आणलेला तो काचेचा पेला तिच्यावर उपडा ठेवलास. ज्योत बारीक झाली आणि विझली. तू विचारलंस, "का विझली रं?" कुणी म्हणालं तेल संपलं, कुणी म्हणालं वारा लागला. चिमी म्हणाली, "आत एकटीला करमंना तिला." सगळी हसली. तू हसला नाहीस. पेला उचललास, पणती परत पेटवलीस, आणि किती तरी वेळ तिच्याकडं बघत बसलास. मी दारातून बघत होते. आज सांगते, मला माहीत होतं की पोरीनं तुझंच सांगितलं.

हळदीचं पाणी पोरांना सगळ्यांत आवडायचं. पिवळ्या पाण्यात चुन्याचं बोट फिरवलं की लाल. त्यात लिंबू पिळलं की परत पिवळं. चुलीपाशी वावरणाऱ्या कुठल्या बाईला हे ठाऊक नसतं? ओवाळायच्या ताटातलं पाणी आपण असंच लाल करतो. पण तुझ्या परातीत ते झालं की पोरांना नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ते पाणीच एक दिवस आपल्या दारात संकट घेऊन आलं.

राधाला दुसरं मूल झालं ते राहिलं नाही, आणि मागोमाग ताप भरला. काढे झाले, लेप झाले. ताप उतरेना तेव्हा मारुतीनं डोंगरापलीकडचा देवऋषी आणला. सोप्यात माणसं दाटीवाटीनं बसली होती. राधा घोंगडीवर, भिंतीला टेकून. मी तिच्या शेजारी. देवऋषीनं परातीत हळदीचं पाणी ठेवलं, तिचे हात त्यात बुडवले, आपली बोटं पाण्यात फिरवत काही पुटपुटला, आणि पाणी लाल झालं. "निघाली," तो म्हणाला. "बाहेरची बाधा निघाली बगा." सगळ्यांनी हात जोडले.

चिमी माझ्या मांडीवरून उडी मारून उठली. आईजवळ नाना करतात तसला खेळ आला म्हणून तिला कोण आनंद! "चुना हाय! आत्या, त्येंच्या नखात चुना हाय! आमच्या नानावानी केलं त्येंनी!" आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

दादा, तो सोपा किती पटकन रिकामा झाला! देवऋषी उठला, त्याच्यामागं बाप्ये उठले, बाप्यांमागं बाया. चिमीची आजी तेवढी म्हणाली, "कार्टे, जीभ झडंल तुझी." मी, राधा, चिमी आणि ते लाल पाणी, एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून पडवीत एकही पोर आलं नाही. देवाचा कोप होईल म्हणून आयांनी घरी ठेवली. आपला पहिला मोठा वाद तेव्हाचा. मी तणतणत होते. "पोर खोटं बोलली का? चुना हुता तर हुता. खरं ते खरं."

"खरंच हाय ते," तू म्हणालास. "पर हौसा, त्या बाईच्या भवती मानसं बसली हुती."

"असली मानसं काय कामाची?"

"त्ये तिला इचार."

आणि तू कुबडी घेऊन निघालास. दोन वर्षांत तू पडवी सोडून कुठं गेला नव्हतास. मारुतीच्या उंबऱ्यावर जाऊन बसलास आणि त्याला म्हणालास, "हिला भोरला न्यायची. संस्थानच्या दवाखान्यात." मारुती कचरत होता. तू चिडला नाहीस. देवऋषीला नावं ठेवली नाहीस. ज्वरानं माणसं कशी गेली आणि औषधानं कशी उठली, ते तू इस्पितळात बघितलं होतंस, तेवढंच सांगत राहिलास. सांगता सांगता दिवस कलला. शेवटी मारुतीनं गाडी जुंपली.

मी राधाबरोबर गेले. नसरापूर मागं पडलं, कापूरहोळहून गाडी भोरच्या वाटेला लागली. राधा माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. मध्येच शुद्धीवर येऊन म्हणाली, "वन्सं, मला काय ठावं न्हाई व्हय चुना घालत्यात त्ये? पर समदी बसली हुती. मला बरं वाटत हुतं. मग उठूनच गेली की." थोड्या वेळानं म्हणाली, "चिमीला मारू दिऊ नगा."

डॉक्टरांनी नाडी धरली, डोळे उघडून पाहिले, सुई दिली. म्हणाले, आधी आणायला हवी होती. ती दुसरा दिवस उजाडेपर्यंत होती.

परत आल्यावर तू मला विचारलंस, वाटेत काही बोलली का? मी जसं होतं तसं सांगितलं. माझा स्वभाव तुला ठाऊक. तू ऐकून घेतलंस आणि पेला घासत बसलास. तो आधीच स्वच्छ होता.

चिमीला घरात सगळे एकच ऐकवत होते. तू बोललीस म्हणून देव कोपला, तू बोललीस म्हणून आई गेली. पोरीनं बोलणं बंद केलं. भूक लागली तरी मागायची नाही, पडली तरी रडायची नाही. मारुती बिचारा तिला सकाळी आपल्या पडवीत आणून बसवायचा आणि रानात जायचा. त्या मोठ्या पडवीत ती एकटी आणि तू एकटा. मी येता-जाता बघायची. तू कापूर सोडायचास, फुगे काढायचास. ती बघायची, पण डोळ्यांत काही नसायचं.

मग एका दुपारी तू माझ्याकडं हळद मागितलीस. मी दचकले. "दादा, तिच्यापुढं नगं रं ते." तू म्हणालास, "तिच्याचपुढं करायचंय."

परात ठेवलीस. पिवळं पाणी. चिमीनं बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मला बघवेना. तू म्हणालास, "बरं केलंस. तू गप्प बस. म्या बी गप्प बसतो. आत्या बी गप्प." चुन्याचं बोट फिरवलंस. पाणी लाल झालं. "कोन बोललं? कुनीच न्हाई. तरी झालं."

पाणी ओतून दिलंस, दुसरं घेतलंस. "आता म्या वरडतो हां. ए हळदे! खबरदार लाल झालीस तर!" बोट फिरवलंस. लाल. "आयला, आयकत न्हाई. हौसा, तू सांग बरं तिला." मी चुलीपुढून ओरडले, "नगं होऊ गं बाई लाल!" लाल. तू हात जोडून विनवलंस, तू कुबडी उगारलीस, तू पलटणीतला हुकूम सोडलास. प्रत्येक वेळी लाल. हळद संपत आली होती आणि मी पहिल्यांदाच काही बोलले नाही.

शेवटी तू परात तिच्यापुढं सरकवलीस. "मला काय ती जुमानत न्हाई. तू सांगून बघ एकदा."

चिमीनं हात खाली घेतले. परातीवर वाकून, जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली, "नगं हू."

तू बोट फिरवलंस. लाल.

"आयकलं का त्येनं तुझं?"

"न्हाई."

"मग आईच्या तापानं तरी कसं आयकलं आसंल? तू बोललीस काय आन् न्हाई काय, ताप हुता त्यो हुता. बोलन्यानं पानी लाल हुत न्हाई, पोरी, आन् बोलन्यानं कुनाची आई जात न्हाई."

ती तुझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तुझ्या गुडघ्यावर, त्या नसलेल्या पायाच्या गुडघ्यावर, डोकं टेकलं आणि आईसाठी पहिल्यांदा रडली. मी आत गेले आणि चुलीत उगाच फुंकर घालत बसले.

त्या दिवशी लिंबू मांडणीवरच होतं. तू ते काढलं नाहीस. नंतर मी म्हणाले, "पोरांना पुढचं दावतोस, मग तिला का न्हाई दावलं? लाल पानी परत पिवळं हुतं, हेबी खरंच हाय की."

तू म्हणालास, "मग ती इचारील, आई परत कर. तवा म्या काय पिळू?"

तरी मी माझं सोडलं नाही. अर्धं खरं दाखवणं म्हणजे फसवणंच, असं मी म्हणत राहिले, आणि प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, असं तू म्हणत राहिलास. हा वाद आपण किती वर्षं घातला! भात कांडताना, शेंगा फोडताना, तू मला बाराखडी गिरवायला बसवायचास तेव्हाही. चिमी मोठी झाली, स्वतः स्वयंपाक करायला लागली, तिला ते लिंबाचं आपोआप कळलं असणार. वाद मात्र आपला चालूच. आता माझ्या बाजूचं बोलायला मी आहे, आणि तुझ्या बाजूचं बोलायला कुणी नाही. जिंकल्यासारखं मुळीच वाटत नाही रे.

पुढच्या लावणीला पोरं परत आली. कुणी माफी मागितली नाही, कुणी काही कबूल केलं नाही. आयांना रानात जायचं होतं आणि पोरं ठेवायला दुसरी जागा नव्हती. देवऋषीही येत राहिला. तू त्याच्याबद्दल कधी वाकडं बोलला नाहीस. एक-दोनदा तो आपल्या पडवीत टेकला, पाणी पिऊन गेला.

तुझ्यात काय बदललं ते फक्त मी बघितलं. देवळाची वाट मारुतीच्या दारावरून जाते. राधा गेल्यावर तू देवळात जायला लागलास, पण त्या वाटेनं कधी गेला नाहीस. घरामागून खडकातून वळसा घेऊन जायचास, त्या ठेचाळत्या चढानं, एका पायावर. एकदा मी म्हणाले, "सरळ वाटंनं का जात न्हाईस?" तू म्हणालास, "हिकडनं सावली हाय." त्या खडकांत एक झुडूप नाही, दादा. ते तुलाही दिसत होतं आणि मलाही.

काल चिमी आली होती. तू गेलास तेव्हा ती अवघडलेली होती, सासरच्यांनी नसरापुराहून पाठवली नाही. आता मांडीवर पोर घेऊन आली. तुझ्या जागेवर बसली नाही, शेजारी बसली. मी बाळंतिणीसाठी शेवया केल्या, तिनं पोटभर खाल्ल्या. इकडचं तिकडचं बोलली. मग पोराला थोपटत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, एक इचारू?"

"इचार की."

"मी बोलले म्हनून आई गेली न्हाई, हे मला नानांनी पटवलं. त्या दिसापासनं मला पटलंय. कधी शंका आली न्हाई." तिनं पोराचं टोपडं सारखं केलं. "पर त्यो खेळ नानांनी शिकवला हुता. त्येंना सवताला पटलं हुतं का?"

म्हणजे तिनंही बघितलं होतं. तू वळशानं जायचास, तेव्हा ती आपल्या दारात उभी राहून तुझी वाट बघत असणार, आणि तू कधीच यायचा नाहीस.

मी तिचं रिकामं ताट उचललं.

"व्हय," मी म्हणाले. "पटलं हुतं त्येला. लई आधीच."

"तुमाला बोलले हुते तसं?"

"मला बोलला हुता."

चिमीनं मान हलवली. पोराला माझ्याकडं दिलं आणि पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून हसली, म्हणाली, "बरं झालं इचारलं. जीवाला लागून ऱ्हायलं हुतं." दुपारच्या गाडीनं ती गेली. वळणावरून तिनं हात हलवला.

दादा, जन्मभर मी तुझ्याशी खरं ते खरं म्हणून भांडले, आणि काल त्या पोरीला जे सांगितलं ते खरं की खोटं, हे मला माहीत नाही. तू असतास तर तुलाच विचारलं असतं. नाही, बहुतेक विचारलं नसतं. तू सावलीचं काहीतरी सांगितलं असतंस आणि मी गप्प बसले असते.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी पडवीत येऊन बसले. उन्हं उतरत होती. मला राहवेना. मोठ्यानं म्हणाले, "दादा, पटलं हुतं ना रं तुला?"

वाटेवरून मारुती बैल घेऊन चालला होता. आता थकलाय तो. थांबून पडवीत डोकावला.

"कुनाशी बोलतीस, हौसाक्का?"

"कुनाशी न्हाई," मी म्हणाले.